‘आंधळे दळते’ : अपंगांचे श्रम आणि मराठीतील मोबदल्याची भाषा

१

अपंगांच्या रोजगाराचा आणि त्यांना मिळणाऱ्या वेतनाचा प्रश्न सामान्यतः विधिशास्त्र, अर्थशास्त्र व समाजकार्य ह्या शाखांच्या कक्षेतला मानला जातो. भाषा आणि वाङ्मय ह्यांच्या अभ्यासकाने त्यात काय म्हणून बोलावे, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. परंतु समाज कोणाच्या कष्टाला ‘काम’ म्हणतो आणि कोणाच्या हातावर ठेवलेल्या पैशाला ‘मजुरी’ म्हणण्याचे टाळतो, ह्याची नोंद त्या समाजाच्या भाषेत होत असते. ही नोंद कोणी हेतुपुरस्सर केलेली नसते. म्हणूनच ती पुराव्यादाखल विचारात घेण्याजोगी ठरते.

प्रस्तुत लेखात म्हणी, संतवाङ्मयातील रूपके, अर्वाचीन काळातील काही लेखन व संस्था, आणि शासनाची विधिभाषा अशा चार प्रकारच्या सामग्रीचे परीक्षण करावयाचे योजिले आहे. त्यातून निघणारे प्रतिपादन प्रारंभीच सांगून टाकतो. मराठीने अपंग व्यक्तीचे नाव अनेकदा बदलले. परंतु वाक्यातील तिचे स्थान फारसे बदलले नाही. ते स्थान बहुधा घेणाऱ्याचे राहिले, करणाऱ्याचे झाले नाही. करणाऱ्याचे स्थान मिळाल्यावाचून न्याय्य वेतनाची मागणी भाषेत नीट मांडताच येत नाही, असे माझे मत आहे.

परिभाषेविषयी एक खुलासा आवश्यक आहे. लेखात सर्वसामान्य अर्थाने ‘अपंग’ हा शब्द योजिला असून, विधिनियमाचे वा शासकीय विभागाचे नाव म्हणून जेथे ‘दिव्यांग’ शब्द येतो तेथे तो तसाच ठेवला आहे. ह्या दोन शब्दांतील वादाचा विचार पुढे यथास्थळी येईल.

२

मराठी म्हणींत आंधळा, बहिरा, लंगडा ही पात्रे वारंवार येतात. ‘आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन’ ह्या म्हणीत आंधळ्याची क्रिया मागण्याची आहे. ‘आंधळ्याच्या गाई देव राखतो’ ह्या म्हणीत गाई आंधळ्याच्या मालकीच्या असल्या तरी त्या राखण्याचे काम देवाकडे गेले आहे. ‘आंधळ्या-बहिऱ्यांची गाठ’ ह्या प्रयोगात काम मुळीच नाही. केवळ विसंवाद आहे. ‘वासरांत लंगडी गाय शहाणी’ ही म्हण तर प्रशंसेच्या मिषाने न्यूनत्वच दाखविते. ह्या पंक्तीत एकच म्हण अशी आढळते की जिच्यात अपंग व्यक्ती उघडउघड कष्ट करते आहे, आणि तिच्या कष्टाचे फळ काय झाले तेही सांगितले आहे. ती म्हण म्हणजे ‘आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते’.

ह्या म्हणीचा रूढ अर्थ सर्वांस ठाऊक आहे. एकाने कष्ट करावेत, लक्ष नसल्यामुळे भलत्यानेच त्यांचा लाभ घ्यावा, असा प्रसंग असला म्हणजे ती वापरतात. बहुधा तिचा रोख कष्ट करणाऱ्याच्या गाफीलपणाकडे असतो. घरातला कर्ता पुरुष हिशेब पाहत नाही, संस्थेचा चालक कागद वाचत नाही, म्हणून इतरांचे फावते, असा हा उपयोग आहे. म्हणजे अंधत्व येथे दोषाचे रूपक झाले.

परंतु म्हणीतील प्रसंग रूपकाच्या आधी प्रसंग म्हणून पाहिला पाहिजे. जात्यावरचे दळण पहाटेच्या अंधारात होत असे. दळणारी स्त्री डोळस असली तरी तिचे डोळे त्या कामी फारसे लागत नसत. वैरणीची मूठ हाताच्या अंदाजाने पडे, खुंट्याची फिरत अंगात मुरलेली असे, आणि पीठ जाड की बारीक हे बोटांच्या चिमटीत समजे. तेव्हा आंधळ्याचे दळणे हे डोळसाच्या दळण्याहून कमी प्रतीचे होते असे मानण्यास आधार नाही. म्हणही तसे म्हणत नाही. पीठ झाले आहे, ते खाण्याजोगे आहे, कुत्र्याला ते आवडलेही आहे. उणीव दळण्यात नाही. दळण पुरे झाल्यावर पीठ ज्याचे त्याच्या घरात जावे, अशी व्यवस्था नाही, एवढीच उणीव आहे. अपंगांच्या वेतनाचा प्रश्न नेमका ह्याच ठिकाणी उभा राहतो. कष्ट करण्याची पात्रता आहे किंवा नाही, ह्याविषयी आपण पुष्कळ चर्चा करतो. परंतु झालेल्या कामाचे पीठ कोणाच्या परातीत पडते, हा प्रश्न त्या चर्चेत मागे राहतो.

व्याकरणदृष्ट्या आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. म्हणीत ‘आंधळा’ किंवा ‘आंधळी’ नाही. ‘आंधळे’, बोलीत ‘आंधळं’, असे नपुंसकलिंगी रूप आहे. मराठीत मनुष्यवाचक नामांना नपुंसकलिंग लागते ते बहुधा लहानपणा, अनुकंपा किंवा तुच्छता दर्शविताना. ‘लेकरू’, ‘पोर’, ‘बापडे’ ही उदाहरणे पाहावीत. येथे दळणारी व्यक्ती स्त्री की पुरुष, हे सांगण्याची गरज भाषेला वाटलेली नाही. पुढच्या उपवाक्यात ‘कुत्रे’ हेही नपुंसकलिंगीच आहे. दोन्ही उपवाक्यांची घडण सारखी, दोन्ही कर्त्यांचे लिंग सारखे. म्हणीचा तोल साधण्यासाठी हे झाले असेल. तथापि कष्ट करणारा माणूस आणि त्याचे पीठ खाणारे जनावर ह्यांना भाषेने एकाच पंक्तीस बसविले, ही वस्तुस्थिती उरतेच.

३

आता संतवाङ्मयाकडे वळू. आंधळा, पांगुळ, बहिरा, मुका ही एकनाथांच्या भारुडांतील परिचित रूपके होत. त्यांच्यापूर्वी ज्ञानदेवांच्या नावावरील गाथेतही पांगुळाचे रूपक आलेले आहे. ह्या रचनांचा आशय आध्यात्मिक आहे. संसारात गुंतलेला जीव तो पांगळा, हरिकथेस कान न देणारा तो बहिरा, आणि सद्गुरूचे दान हा त्यावरचा उपाय, अशी त्यांची सामान्य मांडणी असते. अपंगांच्या सामाजिक स्थितीचे वर्णन करणे हा त्यांचा हेतू नव्हता. म्हणून आजच्या अपेक्षा घेऊन त्यांस दोष देणे हे समीक्षेच्या दृष्टीने अन्यायाचे होईल. मात्र रूपक उभे राहावयाचे तर श्रोत्याच्या अनुभवात उपमान आधीच स्थिर झालेले असावे लागते. पांगुळ म्हणताच दान मागणारा माणूस श्रोत्याच्या डोळ्यांपुढे उभा राहत होता, म्हणूनच ते रूपक त्वरित पटत होते.

लोकपरंपरेत ह्याला बळकट पुरावा मिळतो. पहाटे गावात येणारे वासुदेव, पिंगळा ह्यांच्याच मेळ्यात पांगुळ नावाचा भिक्षेकरी येतो. तो झाडावर चढून किंवा उंचवट्यावर बसून दान मागतो. झाडावर चढणारा हा मनुष्य प्रत्यक्ष पांगळा असण्याचे कारण नाही. भिक्षेचा व्यवसाय करणाऱ्या धडधाकट माणसाने पांगळ्याचे नाव धारण केले, एवढाच त्याचा अर्थ. पांगळेपण आणि भिक्षा ह्यांचा संबंध भाषेत किती घट्ट बसला होता, हे ह्याहून स्पष्टपणे दाखविणारे उदाहरण मला माहीत नाही. एकाच पहाटेच्या वेळी गावात कोणीतरी जात्यावर बसून दळत होते आणि कोणीतरी पांगुळ होऊन दान मागत होते. वाङ्मयाच्या वाट्यास दुसरा आला. पहिल्याला केवळ एक म्हण मिळाली.

परंपरेत वेगळी वाट नव्हती असे मात्र नाही. सूर्याचा सारथी अरुण हा संस्कृत कोशांत ‘अनूरु’, म्हणजे मांड्या नसलेला, म्हणून प्रसिद्ध आहे. पुराणकथेने त्याला दान दिलेले नाही. काम दिले आहे, आणि तेही विश्वातील सर्वांत नियमित काम. रथ हाकण्यास हात, दृष्टी आणि वेळेचे भान लागते. मांड्या लागत नाहीत. ह्या साध्या विवेकाने ती नेमणूक झालेली दिसते. सांख्यांचा अंधपंगुन्यायही असाच आहे. पांगळा वाट दाखवितो, आंधळा चालतो, आणि दोघे मुक्कामास पोहोचतात. त्या दृष्टान्ताचे प्रयोजन प्रकृति-पुरुषांचा संयोग समजावून देणे हे असले, तरी दोन अपुऱ्या शक्तींची योग्य जुळणी केली असता काम पुरे होते, हा व्यावहारिक सिद्धान्त त्यात गृहीत धरलेला आहे. अरुण आणि अंधपंगू ह्यांची वाट मराठीत रूढ झाली नाही, पांगुळाची झाली. हा इतिहासाचा भाग आहे. तथापि तो अटळ होता असे मानण्याचे कारण नाही.

४

अर्वाचीन काळात हे वाक्यातले स्थान बदलण्याचा जाणीवपूर्वक प्रयत्न ज्यांनी केला त्यांत बाबा आमटे ह्यांचे नाव प्रथम घ्यावे लागेल. १९४९ साली महारोगी सेवा समितीची स्थापना झाली आणि वरोऱ्याजवळ आनंदवन उभे राहिले. तेथे कुष्ठरुग्णांनी विहिरी खणल्या, जमीन लागवडीस आणली आणि पिकविलेले विकले. ज्याच्या हातावर लोक लांबून पैसा टाकीत, त्याच्या हातची भाजी लोकांनी विकत घ्यावी, हा बदल केवळ आर्थिक नव्हता. ‘कुष्ठरोग्याला दिले’ ह्या वाक्याच्या जागी ‘कुष्ठरोग्याने विकले’ हे वाक्य आले. पुढे तेथे अपंगांच्या व्यवसायशिक्षणासाठी जी कर्मशाळा निघाली तिचे नाव ‘संधिनिकेतन’. संस्कृतात ‘संधि’ म्हणजे सांधा, जुळणी. मराठीत ‘संधी’ म्हणजे अनुकूल वेळ, वाव. हे दोन्ही अर्थ त्या नावात एकत्र नांदतात. काम आणि माणूस ह्यांचा सांधा जुळविणे म्हणजेच संधी देणे, ही व्याख्या एखाद्या विधिनियमातही शोभावी.

आत्मकथनांत नसीमा हुरजूक ह्यांच्या ‘चाकाची खुर्ची’ ह्या पुस्तकाचा उल्लेख करावासा वाटतो. लेखिकेने शासकीय नोकरी केली आणि कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. येथे मला पुस्तकाच्या शीर्षकापुरतेच बोलावयाचे आहे. ते शरीराचे नाव घेत नाही, दैवाचे घेत नाही, धैर्याचेही घेत नाही. ते एका साधनाचे नाव घेते. खुर्चीला चाक आहे, आणि म्हणून माणूस कामाच्या जागी पोहोचू शकतो. दारापाशी पायऱ्या असतील तर तो पोहोचू शकणार नाही. लक्ष व्यक्तीच्या उणिवेवरून व्यवस्थेच्या उणिवेवर नेण्याचे काम ह्या दोन शब्दांनी केले आहे. विधिभाषेला तेथे पोहोचण्यास बराच काळ लागला.

५

शासनाच्या भाषेत दोन प्रकारचे शब्द पाहावे लागतात : व्यक्तीला दिलेली नावे आणि पैशाला दिलेली नावे. पहिल्या प्रकाराविषयी पुष्कळ वाद झाला. दुसऱ्याविषयी जवळजवळ नाहीच.

१९९५ च्या केंद्रीय अधिनियमाच्या मराठी नावात ‘अपंग व्यक्ती’ हे शब्द होते. डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी आकाशवाणीवरील भाषणात ‘दिव्यांग’ हा शब्द सुचविला, आणि २०१६ चा अधिनियम आपल्याकडे ‘दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम’ म्हणून ओळखला जाऊ लागला. महाराष्ट्रात डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग सुरू झाला. ह्या शब्दामागील आदराची भावना नाकारण्याचे कारण नाही. नावांना काहीच महत्त्व नसते, असेही मी म्हणणार नाही. ‘थोटा’, ‘लुळा’, ‘पांगळा’ ह्या शब्दांनी हाक मारली जात असता मनास काय वाटते, हे ज्याने ऐकून घेतले आहे तो तसे म्हणणार नाही. तथापि अपंगांच्या काही संघटनांनी ‘दिव्यांग’ शब्दावर आक्षेप घेतला, आणि २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या संबंधित समितीनेही भारताविषयीच्या निरीक्षणांत तो शब्द विवाद्य असल्याची नोंद केली. भाषिक दृष्टीने आक्षेपाचे मर्म असे आहे : ‘अपंग’ शब्दात उणेपणा होता, ‘दिव्यांग’ शब्दात अलौकिकपणा आहे. दोहोंतही सामान्य मनुष्य नाही. आणि मजुरी ही सामान्य मनुष्यालाच द्यावयाची असते. दिव्याची पूजा होते, दीनाला दान मिळते. रोजचा हिशेब दोघांशीही कोणी करीत नाही.

आता पैशाची नावे पाहू. मराठीत श्रमाच्या मोबदल्याला समृद्ध शब्दसंग्रह आहे. ‘मोल’ आणि त्यावरून ‘मोलमजुरी’, ‘मोलकरीण’, ‘रोज’ आणि त्यावरून ‘रोजंदारी’, पोर्तुगिजांकडून आलेला ‘पगार’, फारसी-अरबी परंपरेतले ‘तनखा’ व ‘मुशाहिरा’, संस्कृत ‘वेतन’, गावगाड्यातले ‘बलुते’. ह्यांपैकी प्रत्येक शब्दात काम आणि मोबदला ह्यांची देवघेव आहे. बलुतेदार गावापुढे हात पसरत नसे, हक्क मागत असे.

ह्याउलट अपंगांच्या संदर्भात वारंवार येणारे शब्द म्हणजे ‘अनुदान’, ‘अर्थसाहाय्य’, ‘लाभ’, ‘विद्यावेतन’, ‘मानधन’. १९८० पासून चालत आलेली संजय गांधी निराधार अनुदान योजना हे ठळक उदाहरण आहे. तिची उपयुक्तता वादातीत आहे. २०२५ मध्ये राज्य शासनाने दिव्यांग लाभार्थ्यांसाठी तिची मासिक रक्कम १,५०० वरून २,५०० रुपये केली, ती वाढ आवश्यकच होती. जो काम करू शकत नाही त्याला निर्वाहाचा हक्क आहे. परंतु ‘निराधार’ आणि ‘लाभार्थी’ ही संबोधने ज्याच्या अंगवळणी पडली, त्याने काम केले तरी समोरच्याला ते साहाय्याचाच एक प्रकार वाटू लागते. ‘मानधन’ हा शब्द तर विशेष तपासण्यासारखा आहे. त्याच्या पूर्वपदात मान आहे. परंतु व्यवहारात त्याचा उपयोग वेतनश्रेणी, रजा, निवृत्तिवेतन हे सर्व टाळण्यासाठी होतो. मान दिला म्हणजे दाम कमी दिला तरी चालते, असा हा समास झाला आहे. ‘विद्यावेतन’ हे शिकणाऱ्याला द्यावयाचे. कर्मशाळेत वर्षानुवर्षे तेच मिळत राहिले तर तो मनुष्य शिकून पुरा कधी होणार, असे विचारता आले पाहिजे.

६

हा विचार मनात येण्यास एक प्रसंग कारण झाला. हिंगोली जिल्ह्यातील कयाधूच्या खोऱ्यात बोलीची सामग्री गोळा करीत असता एका गावी हळदीच्या कामावरील शब्द लिहून घेत होतो. ह्या भागात, विशेषतः वसमतच्या बाजूस, हळद हे प्रमुख नगदी पीक आहे. काढणी, शिजवणी, वाळवण, पॉलिश आणि निवड अशा क्रमाने मजुरांना काम मिळते. माहिती देणारा मध्यमवयीन गृहस्थ लहानपणापासून एका पायाने अधू होता. तो बसून हळकुंडे निवडण्याचे काम करी. मजुरीच्या शब्दांची चौकशी करता तो म्हणाला की इतरांना ‘रोज’ मिळतो, आपल्याला ‘आर्धा रोज’. मला वाटले, तो अर्धा दिवस काम करीत असेल. तसे विचारताच तो हसला आणि म्हणाला, “दिवस पुराच भरतो, सर. हळद काय पायानं निवडतेत का?”

ह्या उत्तरापुढे मला त्या दिवशी काही लिहिता आले नाही. पुढे विचार केला तेव्हा ध्यानात आले की ‘अर्धा रोज’ ह्या प्रयोगाचा अर्थच तेथे पालटला होता. मूळ अर्थाने तो काळाचे माप आहे : अर्ध्या दिवसाचे काम, अर्ध्या दिवसाची मजुरी. ह्या माणसाच्या बाबतीत तो माणसाचे माप झाला होता. दिवस पुरा होता, ढीग पुरा होता, कामही पुरे होते. अर्धा ठरला तो मनुष्य.

हा केवळ एका खेड्यातील मालकाचा अविचार म्हणून सोडून देता येत नाही. १९४८ च्या किमान वेतन अधिनियमाच्या २६ व्या कलमात, अपंग कर्मचाऱ्यांच्या वेतनास त्या अधिनियमाच्या तरतुदी लागू होणार नाहीत असा आदेश देण्याची मुभा शासनाला ठेवलेली होती. म्हणजे ‘अर्धा रोज’ ही कल्पना विधिभाषेसही परकी नव्हती. तो अधिनियम २०१९ च्या वेतन संहितेने निरसित झाला, आणि ती संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आली. तथापि नव्या संहितेतील वेतनविषयक भेदभावाचा निषेध करणारे कलम लिंगभेदापुरतेच बोलते. अपंगत्वाचे नाव त्यात नाही.

२०१६ च्या अधिनियमाने निःसंशय पुढचे पाऊल टाकले. अपंगत्वाचे मान्य प्रकार सातांवरून एकवीस झाले, शासकीय नोकरीतील राखीव जागा तीन टक्क्यांवरून चार टक्के झाल्या, शासकीय आस्थापनांना नोकरीच्या कोणत्याही बाबतीत भेदभाव करण्यास मनाई झाली, आणि सेवेत असताना अपंगत्व आलेल्या शासकीय कर्मचाऱ्यास कामावरून काढण्यास वा त्याचा दर्जा उतरविण्यास प्रतिबंध झाला. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ च्या विकास कुमार प्रकरणात वाजवी सोय उपलब्ध करून देणे हा समानतेचाच भाग असल्याचे सांगितले. परंतु खाजगी क्षेत्रातील रोजगाराविषयी अधिनियमाची भाषा प्रोत्साहनाची आहे. पाच टक्के अपंग कर्मचारी असावेत म्हणून उत्तेजन द्यावे, असा तिचा सूर आहे. हळदीचा ढीग निवडणाऱ्यापर्यंत ती भाषा पोहोचत नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९.६ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. देशभरातील अपंगांपैकी काम करणारे म्हणून नोंदले गेलेले सुमारे ३६ टक्केच होते. ह्या काम करणाऱ्यांपैकी शासकीय आस्थापनेत किती असणार आणि शेतात, बाजारात, घरगुती धंद्यात किती, ह्याची कल्पना आपल्या जिल्ह्याकडे पाहून कोणासही करता येईल.

७

शेवटी व्याकरणाच्या एका जुन्या विवेकाकडे लक्ष वेधतो. ‘मजुराला पैसे दिले’ आणि ‘भिकाऱ्याला पैसे दिले’ ह्या दोन मराठी वाक्यांची घडण एकच आहे. दोन्हीकडे घेणारा चतुर्थीत आहे. बाह्य रूपावरून मजुरी आणि भिक्षा वेगळी करता येत नाही. वाक्य फिरवून पाहिले म्हणजे भेद दिसतो : ‘मजुराने पैसे कमावले’ हे सहज म्हणता येते, ‘भिकाऱ्याने पैसे कमावले’ असे म्हणताच ऐकणारा हसतो किंवा संशय घेतो. पाणिनीने मात्र हा भेद मुळातच केलेला आहे. अष्टाध्यायीच्या पहिल्या अध्यायाच्या चौथ्या पादात, देण्याच्या क्रियेने ज्याला गाठावयाचे त्याला त्याने संप्रदान म्हटले. आणि त्यानंतर थोड्याच अंतरावर, देणे लागण्याच्या अर्थाचा धातू असता ज्याचे देणे लागते त्या उत्तमर्णालाही, म्हणजे धनकोलाही, संप्रदान ही संज्ञा दिली. विभक्ती एकच राहिली. पण तिच्यामागे उभे राहणारे दोघे वेगळे. एकाला आपण देतो. दुसऱ्याचे आपण देणे लागतो.

अपंग श्रमिकाविषयीची आपली भाषा आजवर पहिल्या सूत्राने चालली आहे. तिला दुसऱ्या सूत्राकडे नेणे, हे काम केवळ विधिमंडळाचे नाही. परिपत्रकाचा मसुदा लिहिणारे, पाठ्यपुस्तकांसाठी उतारे निवडणारे, नियुक्तिपत्रात ‘मानधन’ की ‘वेतन’ हे ठरविणारे पुष्कळ जण आपल्याच वर्गांतून शिकून बाहेर पडतात. त्यांपैकी काहींच्या हाती पुढे नेमणुकाही येतील. विद्यार्थ्यांनी आपापल्या गावातील मजुरीचे शब्द गोळा करावेत, आणि प्रत्येक शब्दापुढे तो कोणाला लागू होतो व कोणाला होत नाही, हेही टिपून घ्यावे, अशी माझी सूचना आहे. बोलीच्या नकाशावर अशी सामग्री अद्याप यावयाची आहे.

त्या गृहस्थाच्या बोलीचे टिपण माझ्याजवळ आहे. ‘आर्धा रोज’ ह्या नोंदीपुढे मी त्या दिवशी ‘अर्ध्या दिवसाची मजुरी’ असा अर्थ लिहिला होता. तो चुकीचा होता, म्हणून खोडून ‘पुऱ्या दिवसाच्या कामाचे निम्मे देणे, निम्मे बाकी’ असा दुरुस्त केला आहे.